दोन तुटक रेघांची वाट

१४ सप्टेंबर, रविवार

ही वही रियाने मागच्या वर्षी दिली होती. "आई, रोज चार ओळी लिहीत जा," म्हणाली होती. रोज काय लिहायचं? आज मात्र लिहिण्यासारखं झालं.

मी पीयूषच्या बागेत कामाला आहे. तिथे चिकूची वाइन करतात. मी चिकू निवडते. पिका कुठला, उद्या पिकणार कुठला, टाकायचा कुठला. नऊ वर्षं झाली, आता हातालाच कळतं. शनिवार-रविवार मुंबईचे पाहुणे येतात, टाक्या बघतात, चव घेतात, बाटल्या घेऊन जातात. यंदा पीयूषने त्यांच्यासाठी वीस सायकली आणल्या. सकाळी अस्वालीच्या धरणापर्यंत जायचं, परत यायचं, मग जेवण आणि वाइन. "आधी सायकल, मग वाइन" अशी पाटीच लावली आहे, कुणी उलटं करू नये म्हणून.

काल पहिले सहा जण मोठ्या रस्त्याने गेले. भरावाच्या मातीचा डंपर इतका चिकटून गेला की एक मुलगी सायकलसकट चरात पडली. कोपर सोलवटलं, एवढंच. पण सगळे सायकली हातात धरून चालत परत आले.

आज पीयूष म्हणाला, "पुढच्या वेळी जीप मागे ठेवू. मग काय भीती नाय."

मी चिकू निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "जीप डंपर थांबवत नाही."

 हे, रियाचे बाबा, त्याच रस्त्यावर डंपरखाली गेले, सायकलवर, चिकूचे क्रेट घेऊन जाताना. बागेतल्या सगळ्यांना माहीत आहे.

पीयूष म्हणाला, "काकी, मग दुसरी वाट कुठली?"

"शोधू."

"कोण शोधणार?"

"मी."

"तुम्हाला सायकल येते?"

"आगर गावच्या बाईला विचारतोस? बाराव्या वर्षी भावाची सायकल दांड्याखालून पाय घालून चालवलीय."

सगळे हसले. पीयूष हसला नाही. म्हणाला, "दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे येणार. तोवर वाट सापडली तर ठीक. नाय सापडली तर जीप आणि मोठा रस्ता."

मी हो म्हटलं. घरी आल्यावर हिशोब केला. चाळीस वर्षं सायकलवर बसले नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

सायकल विसरत नाही माणूस. गुडघे विसरतात.

पीयूषने एक लेडीज सायकल दिली. दोन दिवस काम सुटल्यावर बागांमधून फिरले. बागांतून वाट काढता येईल असं वाटलं होतं, पण प्रत्येक बागेला कुंपण आणि प्रत्येक कुंपणाला कुत्रा. तीन वाटा धरल्या, तिन्ही कुणाच्या तरी विहिरीपाशी संपल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, "पाणी पाहिजे काय?" मी म्हटलं, वाट पाहिजे. तो म्हणाला, "ती नाय, पाणी आहे."

रियाचा वापीहून फोन आला. "आई, फोनवर नकाशा बघ ना." तिने पाठवला. मोठा रस्ता जाड पिवळा आणि बाकी सगळं हिरवं. जिथे शंभर घरं आहेत तिथेही हिरवं. फोनला वाटत असेल, इकडे कोणी राहत नाही.

परतताना वळणावर सदू भावोजी मोटारसायकल घेऊन उभे. भावोजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ. शेजारीच राहतात.

"भावोजी, इकडे कुठे?"

"बकरी बघायला आलो होतो."

त्या बाजूला बकऱ्या नाहीत. नुसते चिकू आणि लिची.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज माझा दिवस होता.

तलाठ्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेले होते. भिंतीवर गावाचा नकाशा लावलेला. आधीही शंभरदा पाहिला असेल, वाचला कधी नव्हता. माझी शाळा दुसरीत सुटली. वाचायला मी लग्नानंतर शिकले, पेटीत चिकूखाली घालायच्या रद्दीवरून. बातम्या अर्ध्यावर फाटलेल्या असायच्या, पुढचा तुकडा दुसऱ्या पेटीत. तो शोधायची सवय लागली. त्यामुळे भिंतीवर काही दिसलं की मी वाचतेच.

नकाशाच्या कोपऱ्यात खुणांचे अर्थ होते. एक तुटक रेघ म्हणजे पाऊलवाट. दोन तुटक रेघा म्हणजे गाडीवाट. शेवटच्या बागेमागून दोन तुटक रेघा निघतात आणि शिवेवर जाऊन थांबतात. मोठ्या रस्त्याला कुठेही लागत नाहीत.

तलाठी म्हणाले, "मावशी, वाटणीचा वाद आहे का?"

"नाही. सायकल चालवायची आहे."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "ही बैलगाडीची वाट. गाड्या बंद होऊन पंचवीस वर्षं झाली. आता तिथे काय असेल, देव जाणे."

"पण कागदावर आहे ना?"

"कागदावर आहे."

"मग ती कोणाची?"

"कोणाची नाही. म्हणजे सगळ्यांची."

मी पातळ कागद आणून रेघा काढून घेतल्या. शिवेपलीकडचा नकाशा पलीकडच्या गावाच्या तलाठ्याकडे. उद्या तिथे जायचं. पुढचा तुकडा दुसऱ्या पेटीत.

२८ सप्टेंबर, रविवार

दोन्ही कागद पिठाच्या खळीने चिकटवले. रेघेला रेघ लागली. मी पुन्हा पुन्हा बोट फिरवून पाहिलं.

आज ती वाट चालून पाहिली. शेवटच्या बागेमागे दोन ताड आहेत, त्यांच्या मधून ती निघते. गवत गुडघाभर, पण पाय टाकला की खाली जमीन घट्ट लागते. चाकांनी दाबलेली जमीन पंचवीस वर्षांनीही कळते. बांधाला बांध लागून भातशेतं. एक नाला, त्यात दगड टाकलेले. पुढे डोंगरपाडा, वारल्यांची वीस-बावीस घरं. तिथून धरणाची भिंत दिसते.

पाड्यात एक म्हातारी ओट्यावर बसून टोपलीला काठ घालत होती. रखमी तिचं नाव. मी पाणी मागितलं. ती पाणी देता देता सायकलकडे बघत होती.

"कोणाची?"

"वाइनवाल्यांची. पाहुणे येणार आहेत सायकलवर. या वाटेने आले तर चालेल का, विचारायला आले."

"वाइन म्हंजे?"

"चिकूची दारू."

तिने आत हाक मारली, "लडक्या, ऐक! चिकूची दारू. आनी ती पिऊन सायकलवर बसतात."

तिचा मुलगा लडक्या बाहेर आला. "पडत नाय का?"

"आधी सायकल, मग दारू," मी म्हटलं.

"मग ठीक हाय," म्हातारी म्हणाली. "आमचे उलटं करतात. म्हून घरी येत नाय."

लडक्या म्हणाला, "येऊ दे. गुरांना भोंगा वाजवू नका, पोरांना खाऊ देऊ नका, मागायची सवय लागते." मी दोन्ही गोष्टी कागदाच्या मागे लिहून घेतल्या.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सायकलवरून अख्खी वाट केली. बागेपासून धरणापर्यंत पंचावन्न मिनिटं. वाटेत भेटलं ते एवढं: सहा म्हशी, एक मुंगूस, गवत कापणाऱ्या चार बायका. मोटार एकही नाही. एका ठिकाणी मोठा रस्ता लांब दिसतो. डंपर तिथून काड्यापेटीएवढे दिसतात. तिथे मी थांबले. बराच वेळ.

एक दुरुस्ती मी केली. पाड्याच्या अलीकडे, लडक्याच्या शेताशी, नकाशावर गाडीवाट उगाच मोठा वळसा घेते. जमीन सपाट, मध्ये ना ओढा ना खडक. मोजणी करणाऱ्याचा हात हलला असेल. वळशावर घाणेरी माजली आहे, आणि सरळ गेलं तर अंगणासारखी सपाट कडक जागा लागते, वर नुसतं लुसलुशीत गवत. मी वाट सरळ केली. त्या जागेवर कागदावर लिहिलं, "विसावा. पाहुण्यांनी इथे पाणी प्यावे."

परतताना भावोजी पाड्याच्या तोंडाशी दिसले. यावेळी खत बघायला आले होते. मला आता शंका येते, ते ताडी प्यायला येतात. तोंडाला वास मात्र येत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

पीयूष माझ्या मागून धरणापर्यंत आला. परत बागेत शिरल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काकी, तुम्ही तर मोजणीदार निघालात."

मी चिकू निवडायला बसले. आज दोनदा पिका समजून कच्चा टाकला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीचे पाहुणे आले. नऊ जण. मी पुढे, काठीला लाल कापड बांधलेलं. एका बाईने विचारलं, "आजी, तुम्ही गाइड आहात का?"

मी म्हटलं, "आजी नाही. गाइड आहे."

विसाव्याला सगळे बसले. कोणी मोठ्याने गाणी लावली नाहीत, कारण मी निघतानाच सांगितलं होतं की इथे पिकलेलं भात उभं आहे, त्याच्यावर पाखरं आहेत, आणि पाखरं ऐकायचीच आहेत. एका माणसाने सांगितलं की तो मुंबईत रोज सायकल चालवतो आणि आज पहिल्यांदा मागे वळून न बघता चालवली.

हे वाक्य मी घरी येईपर्यंत तोंडात घोळवत आले, विसरू नये म्हणून.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज सहा वर्षं झाली.

त्या दिवशी क्रेट पोचवायची पाळी भावोजींची होती. ते वाणगावला लग्नाला गेले होते, म्हणून हे गेले. यात भावोजींचा काय दोष? मी त्यांना कधी तसं म्हटलं नाही. म्हणजे त्या दिवसाबद्दल कधी काहीच म्हटलं नाही.

यांची सायकल पोलिसांनी न्या म्हटलं होतं. आणली नाही.

भावोजी सकाळी फुलं ठेवून गेले, दारातूनच. दरवर्षी दारातूनच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लिहायला नको वाटतं. तरी लिहिते. चांगलं लिहायचं आणि वाईट गाळायचं असेल तर वही कशाला?

चौदा पाहुणे होते. मध्ये तीन आठवडे त्या वाटेला मी गेले नव्हते, बागेत चिकूची गर्दी. वाट पाठ आहे म्हणून जोरात गेले. विसाव्याच्या अलीकडे उतार आहे, तिथे मी कधीच ब्रेक लावत नाही. वळले आणि समोर गवत नव्हतं. सगळी जागा शेणाने सारवलेली, ओली, चकचकीत. कडेला भाताचे भारे रचलेले. थांबेपर्यंत मी मधोमध पोचले होते. पायात बूट. मागून तिघे आले, त्यातला एक घसरून भाऱ्यांवर पडला.

खळं. ते खळं होतं. वर्षानुवर्षं पाड्यातले लोक भात तिथेच झोडतात, म्हणून ती जागा अंगणासारखी.

रखमी कडेला शेणाची पाटी घेऊन उभी होती. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पाटी खाली ठेवली आणि चाकांचे पट्टे बघत राहिली. लडक्या ओरडला. "चपला घालून आमची पोरं पण खळ्यात पाय टाकत नाय! कणसरी यायची इथं! अजून तिची पूजा नाय झाली!"

कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. मला माहीत होतं. आमच्याकडे भात मशीनवर झोडायला लागून वीस वर्षं झाली, पण लहानपणी आगरला मामाच्या खळ्यात मी अनवाणीच खेळले आहे. मला माहीत होतं आणि मी तिथे "पाहुण्यांनी पाणी प्यावे" लिहिलं.

लडक्या म्हणाला, "वाट बंद."

पाहुण्यांना मागे वळवून सायकली हातात धरून आणलं. पडलेला पाहुणा वाटभर विचारत होता, "पण तिथे पाटी का नव्हती?" पाटी मी होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

पीयूष रागावला नाही. त्यानेच जास्त लागतं.

"काकी, पुढच्या शनिवारी अठरा जण येणार. नाय म्हणून सांगता येणार नाय आता. जीप पुढे एक, मागे एक. मोठ्या रस्त्याने नेऊ."

"शुक्रवारपर्यंत थांब."

"शुक्रवारपर्यंत काय होणार?"

"माहीत नाही."

"तुम्ही पायजे तर त्या दिवशी सुट्टी घ्या," तो हळू म्हणाला. त्याला चांगलंच म्हणायचं होतं. पण मी सुट्टी घेतली म्हणून रस्ता थोडाच बदलतो. अठरा माणसं. मी घरी बसून घड्याळ बघायचं?

१७ नोव्हेंबर, सोमवार

नारळ घेऊन पाड्यावर गेले. चालत. रखमी खळ्याच्या कडेला बसली होती. भारे तसेच पडून. झोडणी थांबली होती.

मी नारळ पुढे केला. तिने घेतला, बाजूला ठेवला.

"नारळाचं ऱ्हाऊ दे. खळं परत सारवायचं. तू उखडलंस, तू सारव."

 आमच्याकडे असल्या पहिल्या कामाला माझ्यासारखीचा हात कोणी लावून घेत नाही. हळदी-कुंकवाला मी सहा वर्षं गेले नाही, कोणी बोलावलंही नाही. मी तिला सांगितलं, "रखमीबाय, माझा नवरा नाही."

ती म्हणाली, "माझा बी नाय. तेरा वर्सं. मंग खळं कोन करतं? मीच." आणि पाटी माझ्याकडे ढकलली. "हात चालतो का तेवढं सांग."

चालतो.

आधी वरचा थर खरवडला. मग ती शेण कालवत होती, मी सारवत होते. मागे मागे सरकत यायचं, आपलाच पाय आपल्या कामावर पडू द्यायचा नाही. तिने दोनदा माझा हात धरून वळण दुरुस्त केलं. दुपारी तिने नाचणीची भाकरी आणि सुकट दिली. आगरची सुकट होती, चवीवरून ओळखली. सांगितल्यावर ती हसली. "मंग तू तर माझ्या घरात रोज येतेस."

मी नकाशा काढून तिला ते वळण दाखवलं. मोजणी करणाऱ्याचा हात हलला होता असं मी समजले, हेही सांगितलं. तिला वाचता येत नाही, पण बोट बरोबर वळणावर ठेवलं.

"हात कशाला हलेल? हिथं खळं. गाडी खळ्याला वळसा घालूनच जानार. माझा सासरा बैलांना सांगायचा पन नाय, बैल आपले आप वळायचे."

म्हणजे वाट बैलांना माहीत होती, सरकारच्या मोजणीदाराला माहीत होती, फक्त मला नव्हती.

लडक्या संध्याकाळी आला. खळं बघितलं. तळवा टेकवून बघितला. म्हणाला, "वळसा साफ करायचा असेल तर कर. तिकडून येऊ दे तुझे लोक. खळ्यात एकसुद्धा चाक नाय. आनी झोडणी चालू असली की उतरून चालायचं."

"चालेल."

"आनी सदूभाऊला सांग, रोज रोज मला विचारू नको. तू गेलीस की तो येतो, बाई नीट गेली काय, बाई नीट गेली काय. इतके दिस झाले."

"ते ताडी प्यायला येतात ना?"

"सदूभाऊ?" लडक्या हसायला लागला. "त्याला वास पन चालत नाय."

मी विचार केला. मग उरलेला कोपरा सारवायला बसले, कारण अंधार व्हायच्या आत संपवायचा होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रजा मागितली. पीयूषने दिली. हाताला शेणाचा वास आहे. धुतला तरी आहे. चांगला आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वळसा दोनशे पावलांचा. त्यात घाणेरी, करवंदी, आणि एक बाभूळ आडवी पडलेली. काल दिवसभरात मी एकटीने साठ पावलं केली. हिशोब जुळत नव्हता.

आज सकाळी गेले तर आधीच कोणीतरी कोयता चालवत होतं. सदू भावोजी.

"भावोजी, इकडे कुठे?"

"कोयत्याची धार बघायला आलो."

दोघं कामाला लागलो. नऊ वाजता लडक्या आला, बाभळीला दोर लावून बैलांनी ओढून बाजूला केली. दुपारनंतर पाड्यातल्या तीन बायका जळण न्यायला आल्या. वाळलेलं त्यांनी नेलं, ओलं आम्ही कुंपणावर टाकलं.

पाणी प्यायला बसलो तेव्हा भावोजी जमिनीकडे बघत म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी लग्नाला मी गेलो नसतो तर..."

 सहा वर्षं हे वाक्य येईल म्हणून मी वाट बघत होते की येऊ नये म्हणून, ते कळेना. मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही नेहमी मागे मागे येता. शनिवारी तुम्ही पुढे चला. पुढच्या माणसाला काटे आधी दिसतात."

"मी सायकल सोडलीय वहिनी. तेव्हापासून."

"मीही चाळीस वर्षं सोडली होती. गुडघे दुखतील, एवढंच."

त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते. घाम फार येतो त्यांना.

चार वाजता मधली शेवटची जाळी तुटली आणि पलीकडचं दिसलं. वळसा खळ्याच्या कडेने इतका गोल जातो, जणू कोणी परातीच्या कडेने बोट फिरवलंय. खाली जुन्या गाड्यांची चाकोरी निघाली, दोन ओळी, अगदी कागदावर आहेत तशा. मी त्यात उभी राहिले. एक पाय एका चाकोरीत, एक दुसऱ्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी पीयूष आला. वळशावरून दोनदा गेला. खळ्यापाशी उतरला, बूट काढले, कडेवरूनच रखमीला नमस्कार केला. रखमी त्याला म्हणाली, "तू काय तो दारूवाला? जाड हाय म्हटलं तर बारीक निघालास."

जाताना त्याने जीपवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. माझ्यासमोरच केला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अठरा पाहुणे. पुढे सदू भावोजी, शेवटी पोलिसांकडून आणलेल्या यांच्या सायकलवर. यांच्यापेक्षा बुटके, सीट खाली करावी लागली. मधे पीयूष. मागे मी. भावोजी पहिली पन्नास पावलं डुलत गेले, पाहुणेच घाबरले. ताडांपाशी सरळ झाले. नाल्यावर त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, दगड हलतो का बघितला, मग सोडलं.

खळ्यात झोडणी चालू होती. भारा वर जायचा, खाली आपटायचा, दाणे उडायचे. सगळे न सांगता उतरले, कारण निघतानाच मी सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे सगळंच सांगितलं. मागच्या शनिवारी मी काय केलं तेसुद्धा. एक मुलगी म्हणाली, "हे तुम्ही सांगायची गरज नव्हती." मी म्हटलं, "होती. नाहीतर तुला वाटलं असतं, ही वाट मुळापासून अशी वाकडी."

वळशावरून अठरा पाहुणे, भावोजी आणि पीयूष सायकली हातात धरून गेले, मागून मी. रखमीने सूप थांबवून मोजल्या. तिने एकवीस मोजल्या. मी म्हटलं, वीस. ती म्हणाली, "तुझी कोन मोजनार?"

धरणावर पोचलो. एकालाही खरचटलं नाही.

जेवताना पीयूषने सगळ्यांसमोर ग्लास वर केला आणि म्हणाला, वाट काकींची. मी म्हटलं, वाट गाडीवाट, कागदावर आहे, कोणाची नाही. पण मला बरं वाटलं. खोटं का लिहू, फार बरं वाटलं. रियाला फोन करून सगळं सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "काका सायकलवर? आपले काका?"

वाइन मी घेतली नाही. चिकू ओळखला वासावरून. गेल्या हंगामात मीच निवडलेला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज पाहुणे नव्हते. नाल्यातला एक दगड हलत होता, तो बसवायला गेले. भावोजी बरोबर होते. काही बघायला आलेले नव्हते, बरोबर आलेले होते.

दगड बसवून वर आले तर पाड्याकडून बायका येताना दिसल्या. एकामागे एक, डोक्यावर भाजीच्या टोपल्या. आज बाजार. पुढे रखमी. या बायका बाजाराला मोठ्या रस्त्यानेच जातात, पहाटे, कडेकडेने, डंपर आला की चरात उतरून. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते.

मी म्हटलं, "रखमीबाय, आज इकडून?"

"मंग? वाट उघडली ना. तिकडं त्या मोटारी अंगावर येतात." आणि मागे वळून बायकांना म्हणाली, "दगड नीट बसला काय, आधी हिला विचारा."

"बसला," मी म्हटलं. "माझ्या वजनाने तरी हलला नाही."

त्या हसल्या. एक एक करून नाला उतरल्या. शेवटच्या बाईच्या कडेवर पोर होतं, झोपलेलं. माझी सायकल वाटेत आडवी होती, मी ती उचलून गवतात घेतली. भावोजींनी हात देऊन तिला पलीकडे नेलं.

नऊ बायका आणि एक पोर. त्या ताडांच्या मधून दिसेनाशा होईपर्यंत मी उभी राहिले. मग मोठ्या रस्त्याकडे बघितलं. डंपर जात होते. त्या बाजूने चालणारं कोणी नव्हतं.